चोक ओढला तरच

माझ्या सासऱ्यांना विसरायला होतंय हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा आम्ही दोघं एका एटीव्हीचा कार्ब्युरेटर खोलून बसलो होतो.

एटीव्ही म्हणजे जाड टायरांची, चार चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली गाडी. माझ्या नवऱ्याने ती एका बंद झालेल्या ॲडव्हेंचर पार्ककडून जुनीच घेतली होती. दिल्लीजवळ, हरियाणातल्या सोहन्याच्या पुढे, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी आमची थोडी जमीन आहे. दोन खोल्या, एक बोअर, पेरू आणि लिंबाची झाडं. शेणखताची पोती आणि पाण्याचे कॅन झाडांपर्यंत न्यायला ही गाडी हवीच, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे त्याला ती चालवायची हौस होती. मग त्याच्या कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं आणि एटीव्ही ताडपत्रीखाली गेली. टाकीतलं पेट्रोल कोणी काढलं नाही, पेट्रोलचा कॉकही बंद केला नाही. एक अख्खा पावसाळा आणि त्याच्या मागचेपुढचे कितीतरी महिने ती तशीच उभी राहिली.

मी गुरुग्राममध्ये आयटी कंपनीत नोकरी करते. माहेर पुण्याचं. सासर मात्र पक्कं दिल्लीकर. बाबा, म्हणजे माझे सासरे, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, केंद्र सरकारच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले आणि तिथेच सुपरिंटेंडेंट होऊन निवृत्त झाले. जीप, ट्रक, साहेबांच्या पांढऱ्या गाड्या, सगळ्यांची पोटं त्यांनी उघडून पाहिलेली. नुसत्या आवाजावरून आजार सांगायचे. रस्त्याने चालताना शेजारून एखादी स्कूटर गेली तरी त्यांची मान जराशी तिरकी व्हायची.

दिवाळीनंतर दिल्लीवर धूर उतरतो, तसा त्या वर्षीही उतरला. सासूबाईंना, आईंना, दम्याचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले, जमत असेल तर काही आठवडे शहराबाहेर न्या. सोहन्याची हवा काही फार शुद्ध नाही, पण टेकडीच्या कडेला दुपारच्या वेळी आकाश निळं दिसतं. मी ऑफिसात बोलून घरून काम करायची परवानगी घेतली, इंटरनेटचं डोंगल घेतलं आणि दोघांना घेऊन तिथे राहायला गेले.

बाबांनी पहिल्याच सकाळी ताडपत्री बाजूला ओढली. सीटच्या खाली वाकून बघितलं आणि वर झाले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगं, ह्याला कार्ब्युरेटर आहे," ते म्हणाले.

आताच्या नव्या गाड्यांना कार्ब्युरेटर नसतो, सगळं काम कंप्यूटर करतो, त्यामुळे आपल्यासारख्यांना कोणी विचारत नाही, असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी नाश्तासुद्धा उभ्याउभ्याच केला. टाकीचं झाकण काढलं तर पेट्रोलचा वास आलाच नाही. जुन्या वार्निशसारखा आंबूस वास आला. त्यांनी ते सगळं एका कॅनमध्ये काढलं, नवं भरलं. बॅटरी आमच्या गाडीच्या बॅटरीला जोडून चार्ज केली, प्लग घासून पुसून लावला. चोक ओढून बटण दाबलं, आणि एटीव्ही खोकत, धूर टाकत सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी चोक परत आत ढकलला. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

पुन्हा चोक ओढला, पुन्हा सुरू झाली. चोक ढकलला, बंद. हँडलवरचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची कळ, अंगठ्याने थोडा दाबून पाहिला तर घशात घास अडकावा तशी गुदमरली.

मला काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. चोक ओढला की इंजिनात जाणारी हवा कमी होते, म्हणजे त्या मानाने पेट्रोल जास्त जातं. चोक ओढला तरच चालते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल पुरत नाही. कार्ब्युरेटरच्या आत जेट असतात, दिसायला पितळेच्या स्क्रूसारखे, पण मधून आरपार भोक. त्यातल्या छोट्याचं भोक सुईहून बारीक. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते, ती त्या भोकात बसते. शिवाय आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तेव्हा कार्ब्युरेटर उतरवायचा, खालची वाटी काढायची, जेट साफ करायचे. काम मोठं नाही, धीर पाहिजे.

इतकं स्वच्छ, एकही पायरी न गाळता त्यांनी सांगितलं. पुढच्या दोन दिवसांत मी स्वतःला पुन्हा पुन्हा हेच बजावत राहिले, की ज्या माणसाला हे इतकं नीट सांगता येतं त्याला काय झालेलं असणार?

कार्ब्युरेटर उतरवताना ते गाडीखाली हात घालून बसले होते आणि मी हत्यारं देत होते. "ते दे ना," ते म्हणाले. मी पक्कड दिली. "नाही गं, ते." मी पाना दिला. त्यांनी हवेत मनगट फिरवून दाखवलं. "पिळायचं ते. ते."

"पेचकस?" मी म्हटलं. हा त्यांच्याच तोंडचा शब्द. पुण्याला आम्ही स्क्रू-ड्रायव्हर म्हणायचो.

"बिल्कुल. पेचकस."

मी हसले, तेही हसले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरातली मराठी ऐकत आले होते. एखादा शब्द आठवला नाही की सगळे सरळ हिंदी शब्द टाकून पुढे जायचे. कोथिंबिरीला धनिया, उशीला तकिया, आणि कोणाला त्यात काही वाटायचं नाही. गेल्या वर्षभरात बाबांच्या बोलण्यात हिंदी फार वाढली होती. माझ्याही कानावर ते पडलं होतं, पण दिल्लीत जन्म गेलेला माणूस, म्हातारपणी आणखी दिल्लीकर झाला, असं मी समजत होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा दिसलं की त्यांना हिंदी शब्दही सापडत नव्हता. रोजच्या हातातल्या हत्याराचं नाव त्यांच्यापाशी कुठल्याच भाषेत उरलं नव्हतं.

मी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. आईंनी व्हरांड्यात अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवली होती आणि हात शेकून त्या आत गेल्या होत्या. बाबा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला स्टूल घेऊन बसले होते. त्यांनी एका स्टीलच्या वाटीत पेट्रोल ओतून त्यात जेट भिजत टाकले होते आणि विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून भोकं साफ करायला तयार ठेवली होती. मी खोलीत, खिडकीशी, लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. कानाला हेडफोन.

वारा सुटला. बाबांनी वाटी उचलली, इकडेतिकडे पाहिलं, उठले आणि अंगीठीपाशी आडोसा होता तिथे वाटी नेऊन ठेवली. निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर. मग शांतपणे खाली बसले आणि तार हातात घेतली.

मला हेडफोन कसे काढले ते आठवत नाही. ओरडावं तर ते दचकतील, हात लागून वाटी सांडेल, एवढंच डोक्यात होतं. मी अनवाणी बाहेर आले, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि चालत, अगदी सावकाश चालत, पायऱ्या उतरून पेरूच्या झाडापर्यंत गेले. पेट्रोल माझ्या बोटांवर सांडत होतं. निखारे मागे राहिलेत हे कळत असूनही माझी पाठ भाजल्यासारखी होत होती. वाटी मातीत ठेवली आणि मी तिथेच उकिडवी बसले.

बाबा माझ्या मागे आले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग व्हरांड्यातल्या अंगीठीकडे. आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"पेट्रोल तिथे कोणी ठेवलं?"

वर्कशॉपमध्ये एखाद्याच्या खिशात काडेपेटी सापडली तर बाबा त्याला दिवसभर फाटकाबाहेर उभं करायचे, ही गोष्ट मी नवऱ्याकडून कितीदा ऐकली होती. ते खरोखरच विचारत होते. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं; त्यांत कुठेही आठवण नव्हती.

"मी, बाबा," मी म्हटलं. "लक्ष नव्हतं माझं."

मग ते मला रागावले. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाऊन विस्तव शोधते. मी मान खाली घालून ऐकत होते. ते सांगत होते त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता. आणि मला एवढी भीती वाटत होती की ओठ थरथरत होते. ते बघून त्यांचा आवाज खाली आला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. शिकलीस ना," ते म्हणाले.

दुपारी मी आईंबरोबर स्वयंपाकघरात मटार सोलत बसले. मी विषय काढायच्या आधी त्याच बोलल्या.

"आपल्या अंगावर घेतलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मीही तेच करते."

त्यांनी सगळं दारातून पाहिलं होतं. मटार सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, त्या सांगत गेल्या. वर्षापेक्षा जास्त झालं होतं. गॅस चालू राहिला तर त्या म्हणायच्या, मीच ठेवला. विजेचं बिल दोनदा भरलं तर म्हणायच्या, मीच सांगितलं होतं. एका रविवारी दोघं कोपर्निकस मार्गावर, महाराष्ट्राच्या अतिथीगृहात जेवायला गेले होते. पिठलं-भाकरी मिळते म्हणून ते अधूनमधून जायचेच. जेवून बाबा हात धुवायला गेले ते आलेच नाहीत. आईंना ते बाहेर पार्किंगमध्ये सापडले. तिथल्या चौकीदाराला ते अतिशय अदबीने विचारत होते, की हे कुठलं शहर आहे. चौकीदाराला वाटलं म्हातारबुवा चेष्टा करतायत, तो हसत होता. बाबाही मग हसले, आणि घरी येईपर्यंत त्यांनी आईंचा हात सोडला नाही.

मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मुलाला सांगितलं का. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना मटाराच्या शेंगांचा ओला वास येत होता. त्या म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, तो नोकरी सोडून येईल. मग थांबून म्हणाल्या, नाहीतर येणार नाही. दोन्हीची मला भीती वाटते.

मी संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. सांगायचं ठरवून केला आणि एटीव्हीबद्दल बोलत बसले. छोटा जेट बंद झाला होता, बाबांनी साफ केलाय, उद्या जोडणार. तो खूश झाला. म्हणाला, बाबांच्या हातात गाडी म्हणजे काळजी नाही.

तिसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर जोडायचा होता. मी सुट्टी टाकली. कारण सांगितलं नाही, पण त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. अंगीठी मी पेटवूच दिली नाही. आई शाल गुंडाळून अंगणात उन्हात खुर्ची टाकून मेथी निवडत होत्या. एटीव्ही त्यांच्या समोरच, दहाबारा पावलांवर उभी होती.

बाबांचे हात सुंदर चालले होते. जेट प्रकाशासमोर धरून त्यांनी मला भोकातून दिसणारा उजेडाचा ठिपका दाखवला. जेट बसवले, वाटी लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. शेवटी राहिली ती स्लाइड. थ्रॉटल दाबला की तारेने वर ओढली जाणारी, बोटाएवढी धातूची नळी. ती जितकी वर जाईल तितकं इंजिन जोरात चालतं, थ्रॉटल सोडला की स्प्रिंग तिला खाली ढकलते. बाबांनी ती वरून आत सरकवली, झाकण फिरवून घट्ट केलं. मी बघत होते. मला काही वेगळं दिसलं नाही.

"चलो," ते म्हणाले आणि सीटवर बसले. चोक न ओढता त्यांनी बटण दाबलं.

गाडी सुरू झाली ती किंचाळतच. थ्रॉटलला त्यांचा अंगठा लागलेलाही नव्हता, तरी इंजिन पूर्ण जोरात, ओरडत, वर वर चढत चाललं. सगळी गाडी थरथरायला लागली. झाडावरचे पोपट उडाले. आई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच राहिल्या. मांडीवरची मेथी खाली सांडली.

मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते पटकन काहीतरी करतील. ते हँडलकडे बघत होते. किल्ली, दिव्याचं बटण, हॉर्न, इंजिन बंद करायचं लाल बटण, असं सगळं त्यांच्या नजरेसमोर होतं, आणि ते एकेका गोष्टीकडे बघत होते, अनोळखी घरात दिव्याचं बटण शोधताना बघतात तसे. मग त्यांचा हात हँडलवरून निघाला आणि शेजारच्या गियरच्या दांड्याकडे जायला लागला. दांडा न्यूट्रलला होता. पुढे ढकलला असता तर त्या जोरात गाडी उडी मारून सुटली असती, आणि समोर आई होत्या.

मी धावले. त्यांच्या हातावर माझा हात आपटला आणि दुसऱ्या हाताने मी लाल बटण दाबलं.

इंजिन बंद झालं. तापलेल्या धातूची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. माझा हात अजून त्यांच्या हातावर होता. आई येऊन गाडीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. मी त्यांचा दम्याचा पंप आणायला वळले तर त्यांनी खुणेने थांबवलं. त्या बाबांकडे बघत होत्या.

"बंद कुठे करायचं ते सापडलं नाही," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा, एखादी हरवलेली किल्ली सांगावी तसा. "बंद करायचं हे ठाऊक होतं. कुठे, ते सापडेना."

आई म्हणाल्या, गाडीच नवीन आहे, तुमच्या वेळच्या गाड्यांना असली बटणं कुठे होती. मीही काहीतरी तसंच बोलले. बाबांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांनी फक्त मला विचारलं.

"काल ती पेट्रोलची वाटी मीच ठेवली होती ना?"

आई माझ्याकडे बघत होत्या. मला नाही म्हणायचं होतं. नाही म्हणणं सोपं होतं, तयारच होतं तोंडात. पण ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की वाटलं, मी खोटं बोलले तर त्यांना जे कळलंय त्याच्याबरोबर ते एकटेच राहतील.

"हो, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. गाडीवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आत जाऊन ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दुपारी जेवायलाही उठले नाहीत. मी दाराशी जाऊन त्यांचा श्वास चालू आहे का ते बघून येत होते. सांडलेली मेथी आईंनी गोळा करून धुतली आणि पुन्हा निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबा स्वतःच एटीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. मला बोलावलं.

"तू कर," ते म्हणाले. "मी सांगतो."

त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते. मी झाकण फिरवून काढलं, स्प्रिंगसकट स्लाइड बाहेर ओढली. ती हातात आल्याबरोबर त्यांनी एक खोल श्वास सोडला. स्लाइडच्या एका अंगाला उभी खाच असते आणि तळाला एका बाजूने तिरका काप. खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे आणि काप एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे. उलटी घातली तर ती खाली बसतच नाही, वरच अडकून राहते, आणि इंजिनाला वाटतं कोणीतरी पूर्ण थ्रॉटल दाबून धरलाय. त्यांनी हे सांगितलं आणि म्हणाले, शिकाऊ पोरं पहिल्या आठवड्यात ही चूक करतात.

मी ती सरळ करून घातली. खाच पिनेवर बसल्याचा हलकासा खट् असा स्पर्श बोटांना झाला. सुरू करायची वेळ आली तेव्हा माझा अंगठा बटणावर जाईना. एक हात मी लाल बटणावरच ठेवला, आईंना आत पाठवलं, बाबांना गाडीच्या मागे उभं केलं, आणि डोळे जवळजवळ मिटून दाबलं. ती सुरू झाली. एकसारखी, हळू, चोकशिवाय. बाबांची मान तिरकी झाली. त्यांनी मला आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू थोडा ढिला करायला सांगितला, मग किंचित आवळायला, आणि मग हाताने पुरे अशी खूण केली.

गाडी बंद करून मी किल्ली काढली, सवयीने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"किल्ली माझ्याकडे देऊ नकोस," ते म्हणाले. "मी मागितली तरी. भांडलो तरी."

त्या दिवशी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो आधी म्हणाला, वय झालं, होतंच असं. मी अंगीठीचं सांगितलं. त्यावर त्याने विचारलं, आई कशी आहे. पुढच्या महिन्यात तो आला. आम्ही बाबांना दिल्लीतल्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या, त्यांनी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी गोल काढला, त्यात सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले आणि काटे काढायचे राहिले. कागद पुढे सरकवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे का हे विचारल्यासारखं. स्मृतिभ्रंशाचं निदान आम्हाला सगळ्यांना आधीच माहीत होतं. औषधाने वेग थोडा कमी होतो, थांबत नाही, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने जर्मनीचं काम आवरतं घ्यायचं ठरवलं, पण लगेच काही जमलं नाही, तो परत गेला.

फेब्रुवारीत आम्ही तिघं पुन्हा, शनिवारी-शनिवारी, सोहन्याला जाऊ लागलो. आणि बाबांनी किल्ली मागितली. मी म्हटलं, नाही. त्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला. या घरात त्यांनी माझ्यावर हात उगारणं तर सोडाच, कधी आवाजही चढवला नव्हता. वाटीच्या दिवशीचं ते रागावणं वेगळं, ते शिकवणं होतं. आता ते मला म्हणाले की तू कोण मला अडवणारी. माझ्या मुलाची गाडी आहे. त्यांनी स्वतःच मला काय बजावलं होतं ते मी सांगितलं, तर म्हणाले, खोटं बोलतेस. मी किल्ली ब्लाउजमध्ये घालून मोरीत जाऊन उभी राहिले आणि आतून कडी लावली. दारावर त्यांची थाप पडत होती. बाहेर आईंचा रडण्याचा आवाज. बाबांनी सांगितलेलंच मी करत होते, आणि तरी मला त्यांची भीती वाटत होती. जो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला होता त्याच हाताची.

असं चारपाच वेळा झालं. दर शनिवारी गाडी सोहन्याच्या रस्त्याला लागली की मी किल्ली जागेवर आहे ना ते चाचपून बघायचे. आई वाटेत त्यांना दुसरंच काहीबाही सांगत राहायच्या.

मग एका शनिवारी त्यांनी किल्ली मागितली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. आईंना हायसं वाटलं, मलाही वाटायला हवं होतं. मी खत भरलेली पोती एटीव्हीला बांधत होते आणि ते खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते, रस्त्यावरच्या कोणाकडे बघावं तसे, सहज. मी मुद्दाम त्यांच्याजवळ गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. एकदा मागा, भांडा, असं काहीतरी मनात होतं. मी किल्ली त्यांच्या पुढ्यात, तळहातावर धरली.

त्यांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"ही कशाची?" त्यांनी विचारलं.

"एटीव्हीची, बाबा."

"अच्छा," ते म्हणाले, आणि सांभाळून, दोन्ही हातांनी, किल्ली मला परत दिली.

मी ती घेतली. पोत्यांची दोरी आवळली आणि लिंबांकडे निघाले. झाडांशी पोचेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.